हीरमंद म्हणायचं की हेल्मंद

मशहदमधल्या एका टॅक्सीबद्दल लिहायचंय. इराणला जाऊन आलो त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. इस्फहानचे फोटो तेव्हाच टाकले होते, खाण्यापिण्याबद्दलही लिहून झालं, टॅक्सीचं तेवढं राहिलं. राहिलं म्हणजे मीच टाळलं. त्या वीस मिनिटांत जे करायला हवं होतं ते मी केलं नाही, आणि ते लिहून काढल्याशिवाय त्या ट्रिपबद्दल मला खरं असं काही बोलताच येणार नाही असं हल्ली वाटायला लागलंय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इराणने भारतीयांना विमानाने आलात तर पंधरा दिवस व्हिसा नको असं केलं आणि माझा नवरा निखिल म्हणाला चल, आता नाही गेलो तर कधीच जाणार नाही. त्याला पूल आणि मशिदी बघायच्या होत्या. मला मात्र पानिपतच्या मागचा रस्ता बघायचा होता. आमच्या घरात आजोबांपासून पानिपतचं वेड आहे, १७६१ म्हटलं की अजूनही जेवताना वाद होतात, आणि मी तर त्या नादात पुण्यात दोन वर्षं फारसी शिकले. अब्दाली दिल्लीला आला हे सगळ्यांना माहिती असतं, पण तो आधी कोणाच्या नोकरीत होता, कोणाच्या मरणानंतर राजा झाला, ते सगळं इराणमध्ये घडलंय. तो नादिरशहाच्या फौजेतला माणूस. म्हणून इस्फहान आणि मशहद, ही दोन शहरं मी हट्टाने घातली.

तेहरानचे दोन दिवस ट्रॅफिकमध्ये आणि पैसे बदलण्यात गेले. आपली कार्डं तिकडे अजिबात चालत नाहीत, सगळे डॉलर कॅशमध्ये न्यायचे आणि मग लाखांच्या नोटांची पुडकी घेऊन फिरायचं, त्यात रियाल की तोमान हा गोंधळ शेवटपर्यंत.

इस्फहानला झायांदे रूद कोरडी होती. तेहत्तीस कमानींचा तो एवढा सुंदर पूल आणि खाली नदीच्या जागी भेगा पडलेली माती, मुलं त्यात सायकल चालवत होती. निखिल दिवसभर हळहळत होता. मी पण थोडं हळहळले आणि विसरले, नदीचं प्रकरण पुढे आपल्याला असं गाठणार आहे हे तेव्हा काय माहीत.

मला चेहेल सोतून बघायचा होता. बागेतला महाल, समोर लांबलचक हौद, आणि आत मोठ्या दालनात भिंतभर चित्रं. एका चित्रात हुमायून इराणच्या दरबारात बसलाय, एकात उझबेकांशी लढाई, एकात चाल्दिरानची १५१४ ची लढाई, आणि एकात कर्नाल, १७३९, हत्तीवर बसलेला मुहम्मदशहा आणि समोर घोड्यावर नादिर. कर्नालच्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते, कारण ते आपल्याही इतिहासातलं पान आहे, त्या एका दिवसात दिल्ली पोकळ आहे हे सगळ्या जगाला कळलं आणि त्यात आपले मराठेही आले.

पण नंतर जे लक्षात आलं ते वेगळंच. चाल्दिरानची लढाई इराण्यांनी हरलेली आहे, तुर्कांनी त्यांना सपाटून मारलं होतं, तरी ती भिंतीवर आहे. आणि ज्या लढाईने हे शहर खरोखर बुडवलं ती कुठेच नाही. मार्च १७२२, गुलनाबाद, इस्फहानच्या पूर्वेला अगदी जवळच. कंदाहारहून महमूद होतक आला, इराणी फौजेच्या निम्म्याहून कमी माणसं घेऊन, उंटांच्या पाठीवर जंबूरका, म्हणजे छोट्या तोफा लादून, आणि तेव्हाच्या इराणी राजघराण्याची, सफवींची फौज एका दिवसात मोडली. मग ऑक्टोबरपर्यंत वेढा. लोकांनी झाडांच्या साली खाल्ल्या, जोड्यांचं कातडं उकळून खाल्लं, शेवटी शाह सुलतान हुसेन स्वतः जाऊन महमूदच्या डोक्यात आपल्या हाताने राजचिन्ह खोवून आला. आमच्याबरोबर एक कॉलेजची मुलगी होती, इंग्लिशचा सराव व्हावा म्हणून ती टुरिस्टांना फिरवते, तिला विचारलं की याचं चित्र कुठे आहे. ती म्हणाली, त्याचं कशाला चित्र? आम्ही त्याला फितना-ए-अफगान म्हणतो. फितना म्हणजे दंगा, बखेडा. लढाई हा शब्द तिने मुद्दाम टाळला. माझं मत सांगते, बरोबरीच्या सुलतानाकडून हरलेलं भिंतीवर चालतं, आपल्याच एका सुभ्यातल्या लोकांनी येऊन हरवलेलं चालत नाही. कंदाहार तेव्हा सफवींचाच सुभा होता. तिथल्या जुलमी सुभेदाराविरुद्ध महमूदच्या बापाने, मिरवैसने, १७०९ मध्ये बंड केलं. अफगाण लोक त्याला मिरवैस नीका म्हणतात, म्हणजे आजोबा, त्यांच्या स्वतंत्र राज्याची सुरुवात ते तिथून धरतात. इकडे दंगा, तिकडे आजोबा.

आणि हे होतक म्हणजे घिलजी टोळीतले. हे वाचून मी घरी असताना पण दचकले होते आणि तिथे परत दचकले, कारण आपल्या बखरीतला ‘गिलचा’ हा शब्द तिथूनच आलेला. आपण पानिपतावर गिलच्यांशी लढलो असं पिढ्यानपिढ्या म्हणतो पण अब्दाली गिलचा नव्हताच. तो दुर्रानी, अब्दाली टोळीचा, घिलज्यांचा हाडवैरी, नादिरने कंदाहार घेतलं तेव्हा तो घिलज्यांच्याच कैदेत होता. खरे गिलचे इस्फहानला आले होते. आमच्या आजोबांनी ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या त्याचं नावसुद्धा आम्हाला धड माहीत नव्हतं, हे मला त्या दालनात फार लागलं. फोटो काढायचं सोडून मी बाहेर हौदापाशी जाऊन बसले.

यझद, शिराझ करायचं होतं, ते रद्द करून थेट रात्रीच्या ट्रेनने मशहद गाठलं. ट्रेन उत्तम, डब्यातल्या आजींनी रात्रभर मला काहीतरी खायला घातलं, सकाळी उतरताना ती सोललेली काकडी अजून माझ्या पर्समध्ये होती.

मशहदला इमाम रझांचा दर्गा आहे, तिथे चादोर घ्यावीच लागते, ती सारखी डोक्यावरून घसरते, तरी आतलं आरशांचं काम बघून मी सगळं विसरले. दुसऱ्या दिवशी बाग-ए-नादिरी. नादिरशहाची कबर, १९६३ मध्ये बांधलेली, दगडी, बोजड, वर कुऱ्हाड घेऊन घोड्यावर बसलेला नादिर आणि मागे त्याचे सैनिक. आत तलवारी, बंदुका. १७२९ मध्ये याने अफगाणांना इस्फहानमधून हाकललं, १७३८ ला कंदाहार पाडलं, मग दिल्ली. १७४७ मध्ये इथून जवळच कूचानकडे त्याच्याच लोकांनी त्याला रात्री तंबूत मारलं, आणि त्याच्या फौजेतली अफगाण तुकडी घेऊन अहमदखान अब्दाली कंदाहारला निघून गेला, तिथे राजा झाला, आणि काही वर्षांनी परत येऊन त्याने याच मशहदला वेढा घातला. नादिरच्या आंधळ्या केलेल्या नातवाला, शाहरुखला, आपला मांडलिक करून ठेवलं. म्हणजे पानिपतच्या वेळी हे मशहद अब्दालीच्या छायेत होतं. १७५८ मध्ये राघोबादादांनी पंजाबातून लिहिलेल्या पत्रात इराणच्या पातशहाचं पत्र आल्याचा उल्लेख आहे, की तुम्ही कंदाहारपर्यंत या, दोघं मिळून अब्दालीला तंबी देऊ, अटकेची सरहद्द करू. हे मी लहानपणापासून ऐकतेय आणि मला त्याचा अभिमानच वाटायचा, की बघा, इराणचा बादशहा आपल्याला बोलावत होता. नादिरच्या पुतळ्याखाली उभं राहून पहिल्यांदा वाटलं की दोन शेजाऱ्यांच्या भांडणात आपल्याला फक्त एका बाजूने ओढलं जात होतं, आणि आपण तीन वर्षांत पानिपतावर उभे होतो.

असं सगळं डोक्यात घेऊन, तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गुलशहरला गेलो.

गुलशहर म्हणजे मशहदच्या कडेचा अफगाण वस्तीचा भाग, बरेचसे हजारा लोक, चाळीस वर्षांपासून राहणारे. तिथे मंतू खाल्ले, वाफवलेले, वर दही आणि डाळ घातलेले, आणि गरम बोलानी. मंतू विकणाऱ्या ताईंना मी अफगानी जेवण खूप आवडलं म्हणून सांगितलं, त्या हसल्या आणि काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला अर्ध्या तासाने कळलं.

परत येताना शेअर टॅक्सी मिळाली, पांढरी प्राइड. निखिल पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे खिडकीशी मी, मध्ये एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा पाठीवरचं दप्तर पोटाशी घेऊन, आणि पलीकडे त्याचा बाप. बाप गवंडी असावा, मांडीवर प्लॅस्टिकची बादली, त्यात थापी, ओळंबा, सुतळीचं बंडल, कपड्यांवर पांढरी पावडर. मला लागू नये म्हणून तो दाराला चिकटून बसला होता. मुलाने मला हळूच विचारलं, खाला, तुम्ही हिंदच्या का. मी हो म्हटलं तर दोन मिनिटं माझ्या कपाळाकडेच बघत होता.

ड्रायव्हर पंचेचाळीसच्या पुढचा, बोलका. कुठे कुठे गेलात, पुढे कुठे जाणार. मी म्हटलं झाबोलला जायचा विचार आहे, शहर-ए-सूख्ते बघायचंय, ती पाच हजार वर्षांपूर्वीची जळकी नगरी, आणि हामून सरोवर. तर तो एकदम खुलला. खानुम, मी झाबोलचा! मी हामूनच्या काठचा! आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला, जाऊ नका. काही राहिलं नाही तिकडे, वाळू खायला जाणार का.

मग तो सांगत सुटला. त्याचे वडील मासे पकडायचे, तूतनवरून, तूतन म्हणजे बोरूच्या पेंढ्या बांधून केलेली होडी, घरात पन्नास गाई होत्या, गाई पोहत जाऊन बोरू खायच्या. उन्हाळ्यात एकशेवीस दिवस वारा सुटतो, पूर्वी तो पाण्यावरून यायचा तर घरं थंड व्हायची, आता त्याच वाऱ्याने दारापर्यंत वाळूचे ढीग लागतात, सकाळी फावड्याने दार उघडावं लागतं. त्याचं गाव उठलं, अर्धं मशहदला आलं, अर्धं गुर्गानला. मी मराठवाड्यातली आहे, हे सगळं मला शब्दकोश न बघता कळत होतं.

मी विचारलं, पाणी का गेलं? खरंच साधेपणाने विचारलं.

त्याने आरशात बघितलं. माझ्याकडे नाही. म्हणाला, या अफगानींनी बंद केलं.

गवंडी इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो शांतपणे म्हणाला, आगा, अफगानी आमच्या पैशाचं नाव आहे. माणसाला अफगानिस्तानी म्हणतात.

तेव्हा मला मंतूवाल्या ताई आठवल्या आणि कान गरम झाले.

बरं, अफगानिस्तानींनी, ड्रायव्हर म्हणाला. आमच्या हक्काचं पाणी आहे, हकाबे आहे. (हक्क आणि आब, आपलेच दोन शब्द.) गवंडी म्हणाला, हेल्मंदला पाऊसच नाही आगा, वर बर्फच पडत नाही तर खाली काय येणार, मी झरंजचा आहे, आमची पण कलिंगडं गेली. (हेल्मंद म्हणजे अफगाणिस्तानातून येऊन हामूनला मिळणारी नदी.) झरंज म्हणजे झाबोलच्या बरोब्बर समोर, नदीच्या त्या बाजूला, निमरोझ प्रांतात. या दोघांची गावं मिळून एका टॅक्सीच्या भाड्यात बघून झाली असती, मध्ये सरहद्द नसती तर. बोलणंही एकाच वळणाचं होतं, मशहदवाल्यांपेक्षा वेगळं, ते मला माझ्या तोडक्या फारसीतसुद्धा ऐकू येत होतं. आणि मला वाटलं आता हे गळ्यात पडणार, अरे तू पण तिकडचा.

ड्रायव्हर म्हणाला, हीरमंद.

गवंडी म्हणाला, हेल्मंद.

हीरमंद आहे त्या नदीचं नाव.

हेल्मंद, आगा.

आणि मधल्या मुलाने बापाचा हात ओढला आणि म्हणाला, बाबा, हीरमंदच. आमच्या पुस्तकात हीरमंदच लिहिलंय.

हे लिहिताना पण माझ्या पोटात खड्डा पडतोय. त्याला काही कळत नव्हतं, वर्गात बरोबर उत्तर द्यावं तसं त्याने दिलं होतं. मशहदमध्ये जन्मलेलं पोर, इराणच्या शाळेत जाणारं, नदी त्याने बघितलेली नाही, पुस्तकातली नदी त्याला माहिती. ड्रायव्हर मोठ्याने हसला. बघ, म्हणाला, तुझा मुलगा शिकला. बापाने मुलाकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं, त्याच्या दप्तराचा पट्टा सरळ केला आणि म्हणाला, मी त्या नदीत पोहायला शिकलोय. मला नाव माहिती आहे.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. ड्रायव्हरचं हसणं थांबलं पण बोलणं थांबलं नाही. ९८ मध्ये मी सरबाज होतो, म्हणाला, म्हणजे सक्तीची लष्करी नोकरी, तुमच्या लोकांनी मझार-ए-शरीफमध्ये आमच्या वकिलातीतले लोक मारले आणि आम्हाला सरहद्दीवर आणून उभं केलं, महिनोन्‌महिने, युद्ध होणार की नाही काही माहीत नाही. आणि मागच्या वर्षी सरहद्दीवर सासोलीला आमची दोन पोरं मारली. गवंडी म्हणाला ते तालिबान. मझारवालेही तालिबान. तालिबान आले म्हणून तर मी इकडे आलो, बायको आधीपासून इकडेच होती, मी परत गेलो होतो घर बांधायला. तर ड्रायव्हर म्हणाला, कमालखान धरण बांधलं तेव्हा कुठे होते तालिबान? गनी होता ना? आणि त्याचं हे म्हणणं खरं होतं, हेल्मंदवरच्या त्या धरणाचं उद्घाटन मार्च २०२१ चं, अफगाणिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गनी यांनी त्या दिवशी भाषणात सांगितलं होतं की जास्तीचं पाणी हवं तर तेल द्या. गवंड्याने नेमकं तेच वाक्य उचललं. बरोबरच बोलले गनी, म्हणाला, फुकट कशाला द्यायचं, तुम्ही आम्हाला काय फुकट देता?

गाडी कडेला लागली. कुठलातरी चौक होता, मोठा, मध्ये कारंजं.

काय फुकट देतो? ड्रायव्हर मागे वळला. नान कोणाच्या सबसिडीची खातोस? पोरगं कोणाच्या शाळेत जातं? उतर. उतर इथे.

गवंडी एक शब्द बोलला नाही. त्याला सवय होती असं मला वाटलं, आणि ते सगळ्यात वाईट वाटलं. आधी बादली बाहेर ठेवली, मग स्वतः उतरला, मग मुलाला हात दिला. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्या पाच-सात सेकंदांत मला म्हणता आलं असतं की आम्ही पण इथेच उतरतो. वाक्य तयार होतं डोक्यात, व्याकरणासकट. निखिलला फारसी येत नाही, त्याने मागे वळून मराठीत विचारलं, काय गं, काय झालं, आलं का आपलं? आणि मी म्हटलं, नाही, त्यांचा स्टॉप आला.

मी नवऱ्याशी खोटं बोलले, कारण खरं सांगितलं असतं तर तो उतरला असता. तो तसा आहे. आणि मला उतरायचं नव्हतं. थंडी होती, संध्याकाळ व्हायला आली होती, परक्या देशात लफडं नको होतं, आणि आणखी एक कारण होतं ते पुढे सांगते.

गवंडी खिडकीशी वाकला आणि त्याने भाड्याच्या नोटा पुढे केल्या. दोघांचं पूर्ण भाडं, अर्ध्या रस्त्याचं नाही. आणि ड्रायव्हरच्या तोंडून निघालं, काबेल नदारे. इराणमध्ये गेलेल्या कोणालाही हे माहिती असेल, कुठलाही दुकानदार, टॅक्सीवाला पैसे घ्यायच्या आधी हे म्हणतो, तुमच्यापुढे याची काय किंमत, राहू द्या. तारोफ म्हणतात याला, घ्यायचे तर असतातच पण आधी नको म्हणायचं. आत्ता ज्याला गाडीतून उतरवलं त्याला हा माणूस काबेल नदारे म्हणाला. आणि त्यानेही रीतीप्रमाणे उत्तर दिलं, खाहेश मिकोनम, विनंती आहे, घ्या. दोघांनाही ते तोंडातून जाईपर्यंत कळलं नसावं. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले, नोटा मध्ये. शेवटी ड्रायव्हरने त्या घेतल्या. बाकीचे पैसे तो शर्टाच्या खिशात ठेवत होता, या त्याने डॅशबोर्डवर ठेवल्या.

गाडी सुरू झाली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पंचवीस वर्षं झाली मला मशहदमध्ये. माझी मुलं इथली. तरी इथले लोक मला झाबोली म्हणतात, आणि चांगल्या अर्थाने म्हणत नाहीत खानुम.

मग त्याने विचारलं, तुमच्याकडे पाणी आहे का. मी सांगितलं की माझं माहेर गोदावरीकाठी, पैठणच्या खाली, वर नाशिक-नगरकडे धरणं आहेत आणि दुष्काळात पाणी सोडा म्हणून आम्ही कोर्टात जातो. तो एकदम सरळ झाला. मग तुम्ही वरच्या की खालच्या?

मी म्हटलं, खालची.

त्याने मान हलवली, आपलं माणूस भेटल्यासारखी. हेच ते दुसरं कारण. मी त्या गाडीत बसून राहिले कारण आतून मी त्याच्याच बाजूची होते. वरच्या लोकांबद्दल जे मी लहानपणापासून ऐकलंय, पाहुणे जमले की जे बोललं जातं, तेच तो बोलत होता, फक्त त्याच्या मागच्या सीटवर वरचा माणूस बसलेला होता आणि आमच्याकडे तो कधी समोर बसलेला नसतो.

हॉटेलवर पोहोचल्यावर आम्हालाही तो काबेल नदारे म्हणाला, आम्ही दिले, त्याने घेतले. गवंड्याच्या नोटा तोपर्यंत डॅशबोर्डवरच होत्या.

रात्री निखिलला खरं सांगितलं. तो चिडला नाही, नुसता उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, ते चिडण्यापेक्षा जड गेलं. झाबोलचा प्लॅन तिथेच मोडला. हॉटेलवाल्यानेही वेड्यात काढलं होतं, लांबची बस, सरहद्दीजवळचा भाग, पण खरं कारण ते नव्हतं, मला त्या नदीपाशी जायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर मात्र वाचत बसले, महिनाभर दुसरं काही वाचलं नाही. हिंदुकुशात उगम पावून साडेअकराशे किलोमीटर येणारी नदी, शेवटी सीस्तानच्या सखल भागात हामूनमध्ये संपणारी. सरहद्द आखली ती ब्रिटिशांनी, आधी १८७२ मध्ये गोल्डस्मिड नावाच्या आपल्याकडच्याच फौजेतल्या अधिकाऱ्याने, मग १९०३ ते १९०५ मध्ये मॅकमोहनने, हो, तोच, अरुणाचलच्या रेषेवाला. पाणी किती कोणाचं हे त्याने सांगितलेलं इराणने मानलं नाही. शेवटी १९७३ मध्ये दोन पंतप्रधानांनी तेहरान-काबूलमध्ये न भांडता करार केला. सेकंदाला २२ घनमीटर पाणी इराणला, आणि वर स्नेहापोटी आणखी ४. करारात खरंच असा भाग आहे, चांगल्या शेजारधर्मापोटीचं पाणी. चार महिन्यांत काबूलला राजा पदच्युत, सहा वर्षांत तेहरानचा शहा पळाला, आणि करारावर सही करणारे दोन्ही पंतप्रधान १९७९ मध्ये ज्याच्या त्याच्या देशात मारले गेले. करार उरला. म्हणून पाण्याच्या बाबतीत त्या ड्रायव्हरचं बरोबर आहे असं मी आजही म्हणेन, दुष्काळ असला तरी कमी का होईना वाटा द्यायचा असतो, आणि पुराचं पाणी कमालखानवरून वळवून मिठाच्या खळग्यात जिरवणं याला मी तरी दुसरं काही म्हणू शकत नाही. मे २०२३ मध्ये इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रईसी यांनी तालिबानला जाहीर दम दिला, तिकडून एका तालिबानवाल्याने पिवळा वीस लिटरचा कॅन भरून हे घ्या तुमचं पाणी असा व्हिडिओ टाकला, त्या दमानंतर दहा दिवसांच्या आत गोळीबार, दोन इराणी सैनिक आणि एक तालिब गेला. तो कॅनचा व्हिडिओ मी चार वेळा बघितला आणि चारही वेळा मला संताप आला. पण त्याचा हिशोब बादली घेऊन बसलेल्या गवंड्याकडून घ्यायचा नव्हता, आणि मी तो घेऊ दिला.

म्हणून कोणी विचारलं की इराणला जाऊ का, तर मी खाणं, ट्रेन, लोकांचा पाहुणचार सगळं भरभरून सांगते, आणि मग सांगते की अफगाण माणसाला अफगानी म्हणू नका. एवढंच काय ते मला शिकवता येतं. पाहुणचाराबद्दल तर काय सांगू, आम्हाला दहा दिवसांत सात घरांतून जेवणाचं आमंत्रण आलं. तो गवंडी त्याच शहरात राहत होता.

आता का लिहितेय तर २०२५ च्या उन्हाळ्यामुळे. जूनमध्ये इराण-इस्रायलचे ते बारा दिवस झाले, आणि त्याच्या आधीपासूनच कागद नसलेल्या अफगाणांनी ६ जुलैपर्यंत देश सोडावा असं निघालं होतं, ते युद्धानंतर फारच कडक झालं. हेर आहेत म्हणून पण लोक पकडले. २०२५ मध्ये आत्तापर्यंत दहा लाखांच्या वर माणसं परत गेलीत, बरीचशी हेरातकडच्या इस्लाम कला नाक्यावरून, बसच्या बस, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, धुळीत. मी रोज रात्री ते व्हिडिओ बघते. निखिल म्हणतो नको बघूस. गाद्या, पिंजऱ्यातली पाखरं, शिलाई मशीन, पाळण्यातली बाळं. मी प्रत्येक गर्दीत बादली शोधते.

एकदा एका व्हिडिओत दप्तर पोटाशी धरलेला मुलगा दिसला, तो नव्हता, खूपच लहान होता. आमचा आता दहा-अकराचा असेल. गेला असेल तर त्याला तिकडच्या शाळेत घातलं असेल, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्या वहीत हीरमंद खोडून हेल्मंद लिहायला लावलं असेल.